जहाजापासून घाटवाटेपर्यंत : टॉर्क कन्व्हर्टरचा प्रवास

१/ शिराळ्याहून चांदोलीकडे डोंगर चढू लागले की टर्बो इंजिनाची उणीव जाणवते. टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो. इंजिनाच्या फेऱ्या कमी असता त्याला जोर नसतो. दगडगोट्यांतून तर गाडी संथच न्यावी लागते. यावरील तोडगा मूळचा जहाजांसाठी निघाला.

२/ वाफेच्या टर्बाइनचा प्रचंड वेग जहाजाच्या संथ पंख्याशी जुळवण्यासाठी जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली द्रवचलित कन्व्हर्टरचे पेटंट घेतले. त्यात दातेरी चाकांऐवजी फिरता द्रव शक्ती वाहून नेतो आणि पिळाचा जोर वाढवतो.

३/ १९४७ पासून मुंबईत जुळणी झालेल्या विलीज जीपमध्ये यातले काहीच नव्हते : टर्बोविना इंजिन, हाताने बदलायचे तीन गिअर.

४/ २०२० च्या नाशिकनिर्मित थारमध्ये टर्बो पेट्रोल इंजिन आणि कन्व्हर्टर एकत्र आले. मॅन्युअलमध्ये ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे हे इंजिन ऑटोमॅटिकमध्ये ३२० देते. चाके जवळजवळ स्थिर असतानाही फेऱ्या वाढतात, टर्बो जागा होतो.

५/ मात्र द्रवाची ही घसरण उष्णता निर्माण करते. जुन्या ऑटोमॅटिक गाडीस टर्बो जोडून गिअरबॉक्स तसाच ठेवल्यास तेल करपते, क्लचपट्ट्या जळतात. म्हणून मोठा ऑइल कूलर, भक्कम पट्ट्या, वाढीव तेलदाब आणि टर्बोशी जुळणारा कन्व्हर्टर आवश्यक ठरतो. चढावर लो रेंज वापरल्यास ताप कमी होतो.

६/ रस्त्यावरील गाडीत असा बदल करण्यापूर्वी मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ अवश्य वाचावे.