टाळू आणि कान : एका उपेक्षित व्याधीचा इतिहास

बालकाचा जन्मतः दुभंगलेला ओठ पाहणाऱ्याच्या तत्काळ नजरेस पडतो. तोंडातील टाळू दुभंगलेली असेल तर पाजलेले दूध नाकावाटे येते आणि आई सावध होते. परंतु अशाच बालकाच्या कानाच्या पडद्यामागे जे घडते, ते ना दिसते, ना बहुधा दुखते. म्हणूनच वैद्यकशास्त्रालाही त्याचा उलगडा होण्यास फार काळ लागला.

टाळू शिवण्याची कला त्यामानाने जुनी. सन १८१९ मध्ये पॅरिस येथे फिलिबेर रू या शल्यविशारदांनी जॉन स्टीफन्सन या कॅनडातील वैद्यकीय विद्यार्थ्याची दुभंगलेली मृदू टाळू टाके घालून जोडली. पुढे याच स्टीफन्सन यांनी आपल्यावरील शस्त्रक्रियेवर प्रबंध लिहिला. त्या काळी सारे लक्ष गिळण्याकडे व उच्चारांकडे होते. कानाचा विचार कोणाच्या मनात नव्हता.

वस्तुतः टाळू आणि कान यांचे नाते निसर्गानेच जोडले आहे. घशापासून मध्यकर्णापर्यंत एक बारीक नलिका जाते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ युस्टाकी यांच्या नावाने ती ओळखली जाते. आपण घोट गिळतो तेव्हा टाळूचे स्नायू ही नलिका क्षणभर उघडतात व कानात ताजी हवा जाते. टाळू दुभंगलेली असल्यास ते स्नायू मध्यभागी जोडलेले नसतात. नलिका नीट उघडत नाही, आतील हवा शोषली जाते आणि पडद्यामागे चिकट द्रव साचतो. कान वाहत नाही, पण ऐकू मंद येते. सन १८७८ मध्ये अडॉल्फ आल्ट यांनी टाळू व श्रवणदोष यांचा संबंध नोंदविला होता.

उपायाचा शोध स्वतंत्रपणे चालू होता. सन १८०१ मध्ये लंडनच्या ॲस्टली कूपर यांनी पडद्याला छिद्र पाडून श्रवण सुधारल्याचे प्रसिद्ध केले. परंतु ते छिद्र लवकर बुजे. अखेर १९५४ मध्ये अमेरिकेतील आर्मस्ट्राँग यांनी पडद्यात प्लॅस्टिकची सूक्ष्म नळी बसविली. तिचेच आजचे रूप म्हणजे ग्रोमेट.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते १९६७ मध्ये. स्टूल व रँडॉल यांनी दुभंगलेल्या टाळूच्या तान्ह्या बालकांचे कान तपासले, तेव्हा बहुतेकांच्या कानांत द्रव आढळला. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच ‘अनपेक्षित’ हा शब्द होता. सन १९६९ मध्ये पॅरडाइज, ब्लूस्टोन व सहकाऱ्यांनी अशा ५० बालकांची पाहणी केली आणि हा विकार त्यांच्यात जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे दाखविले. बोबडेपणाचा सारा दोष टाळूवर टाकला जात असता, त्यातील काही वाटा न ऐकू येण्याचाही होता!

त्यानंतर अनेक रुग्णालयांत टाळू शिवतानाच सरसकट नळ्या बसविल्या जाऊ लागल्या. परंतु नळी काही महिन्यांनी गळून पडते, कधी कान वाहतो, कधी पडद्याला छिद्र राहते. म्हणून २००८ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने काळजीपूर्वक श्रवणचाचणी केल्याशिवाय टाळूच्या शस्त्रक्रियेसोबत नळी बसवू नये, असे सुचविले; श्रवणयंत्राचा पर्यायही मान्य केला. उपचार कोणताही असो, तपासणी मात्र टळता कामा नये. दुर्लक्ष झाल्यास पडदा आत ओढला जाऊन हाड पोखरणारा रोग जडू शकतो व मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

आपल्या देशात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० विकारांच्या यादीत दुभंगलेली टाळू व मध्यकर्णदाह या दोहोंचा समावेश झाला, ही समाधानाची बाब होय. टाळूची शस्त्रक्रिया झाली म्हणजे कर्तव्य संपले, असे पालकांनी अथवा साहाय्य करणाऱ्या दात्यांनी मानू नये. बालक स्पष्ट बोलू लागेपर्यंत व त्यानंतरही काही वर्षे त्याचे कान नियमितपणे तज्ज्ञांस दाखवावेत. मुखावरील व्यंग दूर करणे हे पुण्यकर्म खरेच. पण त्या बालकाला आईची हाक स्पष्ट ऐकू आली, तरच ते पूर्णत्वास जाते.