चप्पल हुंगवण्याची कुळकथा

भिवंडीच्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात कुणाला फिट आली, की दोन माणसं दोन दिशांना धावतात. एक मागाचा खटका बंद करायला आणि दुसरा दाराशी काढलेली चप्पल आणायला. पहिल्याच्या धावण्याने जीव वाचतो, कारण फिरत्या पट्ट्याजवळ आणि ठोके देणाऱ्या धोट्यासमोर भान हरपलेला माणूस पडणं म्हणजे काय, हे कारखान्यात वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्याचं धावणं मात्र फार जुनं आहे. चप्पल मिळाली नाही तर कांदा फोडतात, तोही नसला तर मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतात. शांतीनगरचा उत्तर प्रदेशी कारागीर या आजाराला मिरगी म्हणतो, पद्मशाली घरातली आजी तेलुगूत मूर्छा म्हणते, खाडीकडच्या गावात फेफरं किंवा आकडी म्हणतात. चप्पल सगळ्यांची एकच.

ही चाल आली कुठून? तिला दोन कुळं असावीत, असं मला वाटतं.

पहिलं कुळ वैद्यांचं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला दहावा अध्याय अपस्मारावर, म्हणजे याच फिटच्या आजारावर आहे. वात, पित्त, कफ आणि तिन्ही दोषांचा मिळून, असे त्याचे चार प्रकार तिथे सांगितले आहेत. दोषांनी हृदयाचे आणि मनाचे मार्ग अडवले, तर ते तीक्ष्ण उपायांनी मोकळे करावेत, हे त्यामागचं सूत्र. म्हणून नाकात घालायची उग्र औषधं आली, डोळ्यांत घालायची अंजनं आली आणि धूपही आला. तो धूप कशाचा? मुंगूस, घुबड, मांजर, गिधाड, कावळा अशा प्राण्यांच्या चोची, पिसं आणि विष्ठा जाळून केलेला. वासाने माणसाला खेचून शुद्धीवर आणायचं, ही कल्पना त्यात उघड दिसते. आता गिधाडाचं पीस घरात कोण ठेवणार? हाताशी उग्र वासाचं जे सापडेल ते नाकाशी धरायचं, हा या उपचाराचा घरगुती अवतार. घामाने भिजलेली कातडी वहाण तर चोवीस तास दारातच असते.

दुसरं कुळ मांत्रिकाचं. लोखंड आणि कातडं यांना भूत भितं, अशी समजूत. माणूस एकाएकी किंचाळतो, ताठ होतो, पडतो, तोंडाला फेस येतो आणि पाच-दहा मिनिटांनी 'काय झालं?' म्हणून विचारतो. हे पाहणाऱ्याला त्याच्या अंगात दुसरं कुणी शिरलं होतं असं वाटलं, तर त्यात नवल नाही. किल्ल्यांचा जुडगा या कुळातून आला. चपलेत मात्र दोन्ही घराण्यांचं रक्त आहे, म्हणून ती इतकी टिकली.

वास आणि फिट यांचं नातं फक्त आपल्याकडेच जोडलं गेलं असं नाही. रोमन साम्राज्यात त्याची उलटी रीत होती. दुसऱ्या शतकातला लेखक अ‍ॅप्युलियस याने नोंदवलं आहे, की गुलामांच्या बाजारात 'गॅगेटीस' नावाचा काळा दगड जाळून त्याच्या धुराने माणसाला फिट येते का, ते तपासत. आपण वासाने फिट थांबवायला निघालो आणि ते वासाने फिट आणायला.

वास आणि फिट यांच्या या नात्यात काही तथ्यही आहे, पण थोडंच. काही फिट मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात सुरू होतात. वासाची जाणीव त्याच्याच शेजारी पोचते. अशा रुग्णाला सुरुवातीला काही क्षण नसलेला वास येतो, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं. १९५६ आणि १९५७ साली रॉबर्ट एफ्रॉन या मेंदूतज्ज्ञाने अशाच एका गायिकेची हकीकत 'ब्रेन' या नियतकालिकात मांडली. ही पूर्वसूचना मिळताच उग्र वास घेतला तर तिची फिट पुढे सरकत नसे. मग त्याने जाईचा अर्क हुंगताना तिला हातातल्या बांगडीकडे बघायला लावलं. काही दिवसांनी नुसती बांगडी पाहिली तरी फिट थांबू लागली आणि पुढे बांगडी मनात आणली तरी पुरे होई. मात्र ती बाई तेव्हा शुद्धीवर होती आणि स्वतःच्या नाकाने वास घेत होती.

कारखान्यात पडलेल्या माणसाचं तसं नसतं. सबंध मेंदूत विजेचा लोळ उठला, की शुद्ध लगेच जाते. आधी अंग ताठ होतं, छातीचे स्नायू आवळले जातात आणि काही सेकंद श्वासच थांबतो. ओठ निळे पडतात. जो श्वासच घेत नाही, तो वास कसा घेणार? मग हातपाय झटकू लागतात, झटके विरळ होत जातात आणि एक ते तीन मिनिटांत बहुतेक फिट आपोआप संपते. संपताना माणूस घरघरत एक खोल श्वास ओढतो. दारापर्यंत जाऊन, चपलांच्या ढिगातून एक उचलून, गर्दीतून वाट काढत आणेपर्यंत एवढाच वेळ जातो. चप्पल नाकाशी पोचते आणि तो खोल श्वास घेतो. पाहणाऱ्या वीस जणांची खात्री पटते. शतकानुशतकं ती अशीच पटत आली आहे आणि त्यांच्यापैकी कुणीही खोटं बोललेलं नाही.

मला या चालीचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. चार लोकांत तोंडाला चप्पल लावणं हा आपल्याकडे सर्वांत मोठा अपमान. शुद्धीवर येणाऱ्या पोराला पहिल्यांदा दिसतं ते तेच. लग्नाच्या बाजारात हा डाग किती खोल जातो, ते कायद्यातही दिसत होतं. १९७६च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्माराचे झटकेही विवाहाला बाधक ठरवले गेले आणि 'अपस्मार' हा शब्द हिंदू विवाह कायद्यातून व विशेष विवाह कायद्यातून निघायला १९९९ साल उजाडलं.

खरा उपाय सापडला तोही आडवाटेने. १९१२ साली जर्मनीत फ्रायबुर्ग इथे आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने रुग्ण रात्री शांत झोपावेत म्हणून फेनोबार्बिटल हे नवं झोपेचं औषध दिलं, तर त्यांच्या फिटच कमी झाल्या. तीच आपल्याकडची 'गार्डिनल' ही ओळखीची गोळी. स्वस्त आहे, आजही वापरात आहे. नंतर फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हालप्रोएट आली. औषध नीट मिळालं आणि नीट घेतलं, तर १०० पैकी ७० रुग्ण फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भिवंडीत अडतं ते या 'नीट'पाशी. बारा तासांची पाळी, रात्रीचं जागरण आणि दिवसा खोलीत पाळीपाळीने झोपणारी आठ-दहा माणसं. अपुरी झोप हे फिट ओढवणारं नेहमीचं कारण आहे. गावी जाताना गोळ्या संपल्या आणि एकदम बंद पडल्या, तर जोरदार फिट येते, कधी एकामागून एक. त्यात आणखी एक कारण फार ऐकलं जात नाही. डुकरातल्या फीतकृमीची अंडी न धुतलेल्या कच्च्या भाजीतून किंवा घाण पाण्यातून पोटात गेली, तर अळ्या मेंदूत जाऊन बसतात. शुद्ध शाकाहारी माणसालाही हे होतं. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये त्यांची गाठ दिसते आणि तिच्यावर इलाज आहे. बाकीच्यांना जन्माच्या वेळी मेंदूला झालेली इजा, डोक्याला मार, पक्षाघात, आनुवंशिकता अशी कारणं असतात. अनेकांत कारण सापडतच नाही.

अलीकडे धावणाऱ्या दोघांत तिसरा हात दिसू लागला आहे, तो मोबाइलचा. तो अपमानासाठी किंवा तमाशासाठी वर झाला तर वाईटच, पण डॉक्टरांसाठी वर झाला तर त्याच्याइतका उपयोगी हात दुसरा नाही. केईएम, सायन किंवा जेजे रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञापुढे पोचेपर्यंत फिट कधीच संपलेली असते आणि रुग्णाला तिच्यातलं काहीच आठवत नाही. डॉक्टर विचारतात, की आधी कुठला हात झटकला? मान कुठे वळली? डोळे उघडे होते का? त्यावरूनच ठरतं, फिट मेंदूच्या एका भागातून निघाली की एकदम सगळीकडून, आणि गोळीही त्यावरच ठरते. शाळकरी पोर मध्येच पाच-दहा सेकंद शून्यात बघतं, तीही फिटच असते. तिथे कुणी पडत नाही आणि चप्पल आणायला कुणी धावतही नाही, त्यामुळे मास्तर पोराला ढ ठरवून मोकळे होतात.

म्हणून एकाने चित्रण करावं, दुसऱ्याने माणसाला कुशीवर वळवावं, डोक्याखाली कापडाचा बोळा द्यावा, गळ्याचं बटण सोडावं. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. तिसऱ्याने घड्याळ बघावं. पाच मिनिटं उलटली आणि झटके चालूच असले, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, तर रिक्षा थांबवून थेट इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय गाठावं.