अरुंधती आणि आकाशाची पार्श्वभूमी

विवाहसंस्कारात वधूला अरुंधती दाखविण्याची चाल प्राचीन आहे. सप्तर्षींतील वसिष्ठाशेजारची ही अंधूक तारका एकाएकी नजरेस पडत नाही. आधी ठळक तारा दाखवून मग दृष्टी तिच्यावर आणावी लागते. शास्त्रकारांनी या क्रमाला स्थूलारुंधतीन्याय म्हटले. ठळक तारा येथे वाटाड्या आहे. परंतु त्याचीच प्रभा त्या मंद तेजाला झाकू पाहते.

या अनुभवाला मोजमापाची जोड मिळाली ती एकोणिसाव्या शतकात. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजाचा शंभरपट फरक, ही ताऱ्यांची मोजपट्टी नॉर्मन पोगसन यांनी १८५६ मध्ये सुचविली. १८६१ मध्ये ते मद्रासच्या नुंगंबाक्कम येथील वेधशाळेत आले. तेथील त्यांचे साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये 'आर रेटिक्युलाय' या ताऱ्याचे तेज बदलते, हे ओळखले. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहणारा डोळा हेच तेव्हाचे मापनयंत्र होते, आणि काळेभोर आकाश ही त्याची अट होती.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाने हाच धडा निराळ्या रीतीने दिला. बिंब झाकले गेल्यावर कडेच्या सौरज्वाला प्रकटल्या. गुंटूर येथे आलेल्या फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, वर्णपटदर्शकातून त्यांच्या तेजोरेषा पाहिल्या. या यंत्रात आकाशाचा प्रकाश पसरून विरळ होतो. ज्वालांचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांत एकवटलेला राहतो. ज्वालांचे तेज वाढले नव्हते. पार्श्वभूमी फिकी झाली होती.

प्रखर प्रकाश डोळ्यात शिरला की त्याचा काही अंश आतच विखुरतो आणि दृष्टिपटलावर प्रकाशाचा पडदा धरतो. पार्श्वभूमी जितकी उजळ, तितके मंद तेज ओळखण्यासाठी लागणारे आधिक्यही मोठे. चेन्नईच्या दक्षिणेस सिरुसेरीत आज माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत आहे, गणिताची नामांकित संस्थाही आहे. तेथील दिव्यांनी उजळलेल्या आकाशात अरुंधती आहे तितकीच तेजस्वी आहे. तिच्यामागचा काळोख तेवढा ओसरला आहे.

दिवसाच्या मुहूर्तावर पुरोहित आकाशाकडे बोट करतो आणि वधूवर, काही न दिसताही, मान डोलवितात. रात्रीच्या मुहूर्तावरही तसेच करावे लागले, तर न्यायाचे नाव तेवढे उरेल. त्यामागचा अनुभव गेलेला असेल.