आठवड्याच्या गोळीचं कूळ

आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. त्याच्या रुग्णाच्या घरी कॅलेंडरवर एखाद्या वाराभोवती गोल केलेला असतो. त्या वारी मेथोट्रेक्सेट आणि मधल्या एखाद्या दिवशी फॉलिक ॲसिड. नवा रुग्ण पहिल्याच महिन्यात तक्रार करतो, "दुखणं तर तसंच आहे." तसंच असणार, कारण हे वेदनाशामक नव्हेच. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडलेली असते, ती आवरायला या औषधाला सहा-आठ आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर सकाळी आखडलेल्या बोटांना दुखण्याची गोळी आणि थोडं स्टेरॉईड निभावून नेतात.

मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड या दोन्ही गोळ्या एकाच घरातल्या, आणि त्या घराचा एक उंबरठा मुंबईत आहे. १९२८ च्या सुमारास लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर हाफकिन संस्थेत गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा शोध घेत होती. कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायका दिवस गेले की पांढऱ्याफटक पडत. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी, आणि असलेल्या नको तेवढ्या मोठ्या. जंतू सापडेनात, तेव्हा विल्सने त्यांच्या ताटात डोकावलं. यीस्टपासून केलेला, पावाला लावायचा काळपट खारट मार्माइट तिने देऊन पाहिला आणि रक्त सुधारलं. १९३१ मध्ये तिने हे छापलं. त्यातला नेमका घटक कोणता, हे गूढच होतं. पुढे पालकाच्या ढिगाऱ्यांतून तो वेगळा झाला, तेच फॉलिक ॲसिड.

ते प्रयोगशाळेत घडवलं लेडर्ली कंपनीच्या चमूने. चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. तेवढ्यात बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांना वाटू लागलं, की रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना हे जीवनसत्त्व दिलं तर रोग उलट फोफावतो. मग त्याचा तोतया का देऊ नये? सदाशिवरावभाऊंच्या तोतयासारखा हुबेहूब, जागा बळकावणारा, पण काम न करणारा. सुब्बारावांच्या चमूने असे रेणू बनवून दिले. १९४८ मध्ये फार्बर यांनी त्यांतल्या अमिनोप्टेरिनचा निकाल जाहीर केला: १६ पैकी १० मुलांना, थोड्या काळापुरता का होईना, आराम पडला. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. मेथोट्रेक्सेट हा अमिनोप्टेरिनचा धाकटा भाऊ.

सांध्यांपर्यंत ही वाट १९५१ मध्ये पोचली. अमेरिकेत रिचर्ड गब्नर यांनी आमवात आणि सोरायसिसच्या रुग्णांना अमिनोप्टेरिन देऊन पाहिलं, सुधारणाही दिसली. पण लक्ष कोण देणार? मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांच्या कॉर्टिसोनने अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालते केले होते, त्याला १९५० चं नोबेलही मिळालं होतं. कॉर्टिसोनने सुजलेले चेहरे आणि ठिसूळ झालेली हाडं पुढे दिसली. कर्करोगाचं औषध सांधेदुखीला द्यायचं, ही भीतीही होतीच. मला विचाराल तर या दुर्लक्षाने रुग्णांची तीसेक वर्षं खाल्ली. १९८५ मध्ये मायकेल वाइनब्लाट आणि सहकाऱ्यांनी अवघ्या ३५ रुग्णांवर मेथोट्रेक्सेटची २४ आठवड्यांची नेटकी चाचणी केली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली.

आमवातातली मात्रा आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, कर्करोगातल्या मात्रेच्या मानाने किरकोळ. एवढ्याशा मात्रेत पेशी मारण्यापेक्षा दाह शमवणारं अडेनोसिन वाढणं महत्त्वाचं, असं मानतात. म्हणूनच त्यासोबत फॉलिक ॲसिड चालतं: तोंड येणं, मळमळ कमी होते, गुण फारसा कमी होत नाही. गिरणीतल्या गर्भवतींपासून निघालेल्या या वाटेवरचं औषध गर्भवतीला मात्र सक्त मना आहे.

महागड्या बायोलॉजिक इंजेक्शनांच्या जोडीलाही ही स्वस्त गोळी बहुधा चालूच ठेवतात. सगळ्यात जपायचं ते हे: ती चुकून रोज घेतली गेली, तर रक्तपेशी ढासळून जीवावर बेतू शकतं. म्हणून शहाणा डॉक्टर चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' एवढ्यावर थांबत नाही, वाराचं नावही लिहितो, आणि केमिस्टही पुडीवर तेच पुन्हा लिहून देतो.