मतदार ओळखपत्र (भारत)
मतदाराची ओळख पटवण्यासाठी भारत निर्वाचन आयोगाने दिलेले छायाचित्रयुक्त पत्र. बोगस मतदानाला आळा घालण्यासाठी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी १९९३ मध्ये ही योजना आणली. खर्चाचे कारण पुढे करून काही राज्य सरकारांनी तिला विरोध केला. मतदानाच्या वेळी हे पत्र जवळ नसले, तरी आधार, पासपोर्ट, मनरेगा जॉब कार्ड अशी पर्यायी कागदपत्रे चालतात. मतदार यादीत नाव मात्र हवेच. उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला कोणाच्या ओळखीबद्दल शंका आली, तर तो दोन रुपये भरून आक्षेप घेतो आणि केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतात. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळले, तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मतपत्रिका मिळते. ती सर्वसाधारण मतमोजणीत धरली जात नाही, हा या व्यवस्थेतला जिव्हारी लागणारा दोष आहे.

२०२५ मध्ये बिहारमधील मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणामुळे ओळखीचा वाद मतदान केंद्रावरून मतदार यादीकडे सरकला. यादीतील पात्रतेचा पुरावा म्हणून आयोगाने सुरुवातीला सांगितलेल्या ११ कागदपत्रांत आधार नव्हते, खुद्द मतदार ओळखपत्रही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आधार बारावे ठरले, पण ओळखीपुरते. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे. जन्मदाखला नसलेल्या आणि पोटासाठी परगावी गेलेल्या मजुरांना ही कागदपत्रे जमवणे सर्वांत जड जाते.