पहिल्या ट्रकाआधीची अकरा वर्षे

१/ पुण्याजवळ पिंपरीला टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा कारखाना १९६६ साली सुरू झाला. तेथून पहिले व्यावसायिक वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षे तेथे काय चालले होते?

२/ सुमंत मुळगावकरांनी आरंभ केला तो यंत्रोपकरण विभागापासून. यंत्रे व डाय बनवणारी शाळाच ती. सोबत तरुण कारागिरांचे प्रशिक्षण. काळही तसाच होता. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. परदेशी यंत्राची रुपयांतील किंमत एका दिवसात दीडपटीहून अधिक झाली.

३/ वाहनाचा पत्रा ज्या डायमध्ये दाबून घडवतात, तो म्हणजे कित्येक टनांचा बिडाचा ठोकळा. त्यावरील वळणे कोरण्यास अजस्र मिलिंग मशीन लागते. लेथवर जॉब फिरतो. येथे कटर फिरतो. त्याचा एकेक दात धातूवर आदळत जातो. म्हणून या यंत्राचा पहिला शत्रू म्हणजे थरथर.

४/ उपाय रचनेतच आहे. गावाच्या वेशीसारखे दोन खांब, वर आडवी तुळई, तिच्यावर सरकणारे स्पिंडल आणि खाली जॉब पेलणारे टेबल. सांगाडा बहुधा बिडाचाच, कारण बिडातील ग्रॅफाइटचे पापुद्रे कंपन जिरवतात. खाली काँक्रीटचा स्वतंत्र, खोल पाया.

५/ लहान मशीनचे टेबल स्क्रू फिरवून सरकवतात. पल्ला दहा-पंधरा मीटर झाला की स्क्रू स्वतःच्याच वजनाने झोळतो. मग लांब दातेरी पट्टी बसवतात आणि तिच्यावर दोन दंतचक्रे परस्परविरुद्ध ताणून ठेवतात. त्यामुळे दातांमधील ढिलाई उरत नाही.

६/ दुसरा शत्रू उष्णता. दहा मीटर लांबीचा बिडाचा बेड एका अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे ०.१ मिलिमीटरने वाढतो. कागदाच्या जाडीएवढी ही वाढ. पण डायचे काम बिघडवण्यास पुरेशी. शेडच्या खिडकीतून बेडवर पडणारी उन्हाची तिरीपसुद्धा अशा ठिकाणी अभियंत्याला विचारात घ्यावी लागते.

७/ असे यंत्र विकत आणता येते; ते समजणारा हात विकत मिळत नाही. बेड समपातळीत बसवणे, आवाजावरून कटरची धार ओळखणे, डायचे अखेरचे घासकाम हाताने करणे, हे शिकण्यास वर्षे जातात.

८/ औद्योगिक इतिहास आपण बहुधा उत्पादनाच्या तारखांनी मोजतो. त्या हिशेबात १९६६ ते १९७७ हा रिकामा काळ वाटतो. प्रत्यक्षात पिंपरीतील पुढच्या प्रत्येक वाहनाचा पाया याच वर्षांत घातला गेला. एखाद्या कारखान्याचा इतिहास वाचताना पहिल्या मालाची तारीख जरूर पाहा. पण त्याआधी तेथे कोणती यंत्रे आणि कोणती माणसे घडत होती, हेही शोधा.