जलरंगातील कोकण

राजापूर तालुक्यातील नाटे गावी यशवंतगडाच्या तटावर उभे राहिले की जैतापूरची खाडी, जांभ्याचा कातळ, माड, कौलारू घरे हे सारे एखाद्या निसर्गचित्रासारखे भासते. असे पाहायला आपल्याला कोणी शिकवले? १८५७ साली निघालेल्या जे. जे. स्कूलने आणि तेथून बाहेर पडलेल्या चित्रकारांनी. कोकणचे नाव घ्यायचे तर सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८). १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. जलरंगावर त्यांची हुकमत अशी की म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील त्यांची दीपधारी स्त्री अनेकांना रविवर्म्याचीच वाटते.

अभिरुची मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत दोनदा पालटली. १९२० नंतर कॅप्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत जे. जे.मध्ये ‘भारतीय’ शैलीचा पुरस्कार झाला. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला. हळदणकरांनी वास्तववाद सोडला नाही. पण एकूण मुंबईचा जलरंग मोकळा होत गेला. रेखीव तपशील गळाला, ओल्या कागदावर रंग आपोआप पसरू लागला. अभिरुची बदलली म्हणजे बहुधा गिऱ्हाईक बदलले. साहेब आणि संस्थानिक मागे पडले, लँगहॅमर, लायडेन, श्लेसिंगर हे युरोपातून आलेले रसिक पुढे आले.

या साऱ्या उलथापालथीत एक गोष्ट तशीच राहिली. निसर्गचित्रात माणूस येतो तो झाडाची उंची कळावी म्हणून. कुंचल्याचे दोन फटकारे, वर डोक्याचा ठिपका. त्याला चेहरा नसतो. भाताच्या खाचरात वाकलेला तो ठिपका कोणाचा, हे समीक्षेने कधी विचारले? ज्या दशकांत ही खाचरे प्रदर्शनांत मांडली जात होती त्याच काळात तिथे खोती होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोतीविरोधी विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. खोती नष्ट करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. चित्रात मात्र हवा नेहमीच स्वच्छ! चित्रकार दुष्ट होते असे मी म्हणत नाही. त्यांची जागा बांधावर होती, एवढेच.

चिखलातून कुंचल्यापर्यंत आलेला माणूस कसा रंगवतो? कृष्णाजी हौलाजी आरा (१९१४–१९८५) मोटारचालकाचा मुलगा. तो सातव्या वर्षी मुंबईत आला, घरकाम केले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. त्याने जलरंग तैलरंगासारखा दाट थापला. ओघळू दिला नाही. विषयही घरातले घेतले: फुले, भांडी. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्याला मिळाले ते दोन सुरयांच्या चित्राला.